धुऱ्यापलीकडच्या धावा

१९८३ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावच्या धानाच्या बांधीत एक सामना झाला. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं क्रिकेटवर बोलणं बंद केलं. पुढे ते चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत ते या विषयावर बोलल्याचं घरात कोणीही ऐकलं नाही.

आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणत होतो. त्याआधी ते बोलत, आणि भरपूर बोलत. पडवीत खुंटीला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. कसोटी सामना चालू असला की समालोचनापेक्षा त्यांचंच बोलणं जास्त ऐकू यायचं. जुना फलंदाज मोठा की आताचा, हा वाद आमच्या पडवीत १९७० च्या सुमारास सुरू झाला असावा. मला आठवतं तेव्हापासून तो चालूच होता. कोणत्या फलंदाजांची नावं घेतली जायची ते इथे देत नाही. ते सगळ्यांना माहीत आहेत आणि त्यांचे आकडे कुठेही मिळतील.

मोठेबाबांची पद्धत ठरलेली होती. कोणी कोणाच्याही धावा सांगितल्या की ते तीन गोष्टी विचारायचे. खेळपट्टी कोणती होती, चेंडू कोणता होता, सीमारेषा किती लांब होती. तिसरा प्रश्न ते आमच्या भाषेत विचारायचे.

"आधी धुरा सांग. मंग आकडा सांग."

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून एक वर्षानं मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. वादात तो नेहमी नव्या फलंदाजांच्या बाजूनं असायचा.

"बाबूजी, आताचे बॉलर जास्त फास्ट हायेत," तो म्हणायचा.

"त्या वक्ताचा बॉलर पाह्यला काय तुनं?"

"तुमी तरी कुठं पाह्यला?"

"मी रेडिओवर आयकला."

पडवीतले सगळे हसायचे. मोठेबाबाही हसायचे. मग पुन्हा सुरू. हेल्मेट नव्हतं, खेळपट्टी पावसात उघडी राहायची, पंधरा-पंधरा दिवस बोटीत काढून खेळायला जायचे. दादा म्हणायचा, बोटीत झोपायलाच भेटत असन. त्यावर मोठेबाबा म्हणायचे, तुले बसमदी उलटी होते, तू बोटीचं नको सांगू.

धुरा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. एकेक बांधी लहान असते. पाणी अडवण्यासाठी तिच्या चारही बाजूंनी गुडघ्याखाली येईल एवढा मातीचा उंचवटा असतो. तो धुरा. दिवाळीनंतर धानाची कापणी होते. त्याच ओलीवर टाकलेलं लाखोळीचं कडधान्य फेब्रुवारीत उपटतात. मग मृगापर्यंत बांध्या मोकळ्या. क्रिकेट तेवढ्याच महिन्यांत व्हायचं.

गावातली सर्वांत मोठी बांधी आमच्या घराची होती. तिच्या मधला पट्टा धुमसानं ठोकायचे आणि शेणामातीनं सारवायचे. चेंडू कॉर्कचा. पहिल्या दोन षटकांत तो हिरवा व्हायचा आणि गोलंदाज तो पायजम्याला पुसत राहायचे. सीमारेषा आखत नसत. धुरे मोजत. चेंडू एक धुरा ओलांडून गेला की दोन धावा, दोन धुरे ओलांडले की चार, तीन ओलांडले की सहा. बांधीच्या आत राहिला तर पळून काढा. दोन बाजूंच्या धुऱ्यांवर एकेक माणूस उकिडवा बसलेला असे. चेंडूनं किती धुरे ओलांडले तेवढी बोटं तो वर करायचा. त्याच्या बोटांवर वाद होत नसे.

धावा शाळेतले गुरुजी लिहायचे. शंभर पानी वहीत, शाईच्या पेनानं. धावेच्या आकड्याशेजारी ते एक अक्षर लिहायचे. चेंडू पूर्वेकडे गेला असेल तर 'उ', पश्चिमेकडे गेला असेल तर 'मा'. उगवत आणि मावळत. असं का लिहिता, हे त्यांना कोणी विचारल्याचं आठवत नाही. त्यांना सवय होती.

१९७१ च्या मार्चमध्ये आसगावकडून आलेल्या संघाविरुद्ध मोठेबाबांनी या बांधीत एकशे सहा धावा काढल्या. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. गावातल्या बांधीवर शंभर पार करणारे ते पहिलेच, आणि नंतर बारा वर्षं कोणीही त्यांच्या पुढे गेलं नाही. लोक त्यांना 'एकशे सहावाले' म्हणू लागले. बाजारात, लग्नात, बसमध्ये. सातवीपर्यंत शिकलेले होते. सरपंच झाले नाहीत, सोसायटीवर निवडून आले नाहीत. त्यांच्या नावाला जोडलेली गोष्ट ही एवढीच होती. पुढारी कधी गावात आले तर सरपंच ओळख करून देताना म्हणायचे, हे आमचे एकशे सहावाले. पाहुणा मान हलवायचा. त्याला काही कळलेलं नसायचं.

१९७६ च्या मे महिन्यात आमच्या घराची वाटणी झाली. भांडण नव्हतं. दोन चुली दोन वर्षं आधीच वेगळ्या झाल्या होत्या, शेत तेवढं राहिलं होतं. मोठ्या बांधीचा पूर्वेकडचा भाग, खेळपट्टीसकट, मोठेबाबांकडे गेला. पश्चिमेकडचा आमच्याकडे आला. मध्ये धुरा टाकायचा होता. माझ्या वडिलांनी दोरी धरली, मी खुंट्या ठोकल्या. मोठेबाबांनी फावडं घेतलं. दोन दिवस ते एकटेच माती ओढत होते. वडील म्हणाले, मी बी हात लावतो. मोठेबाबा म्हणाले, मोठा मी हाव, वाटणी मी मांगितली, धुरा मीच टाकतो.

उन्हाळ्यातलं क्रिकेट तिथेच सुरू राहिलं. नव्या धुऱ्यावर माणूस बसू लागला. त्यानं बोटं वर केली की गुरुजी लिहायचे. धावा वाढल्या. पूर्वी जिथे संघाच्या सहसा साठ-सत्तर व्हायच्या तिथे नव्वद होऊ लागल्या. गावात सगळ्यांनी त्याचं कारण एकच सांगितलं. नवीन पोरांच्या हातात जोर आहे. मोठेबाबाही हेच म्हणायचे, फक्त थोडं वेगळं. "रेशनचा गहू खाऊन राहिले ना. आमी कण्या खाल्ल्या."

बारा वर्षांच्या धावांची तुलना करताना धुरे मोजले जात होते, अंतर नाही. आमच्याकडे धुरा म्हणजे धुरा. तो पणजोबांनी टाकलेला असो की गेल्या वर्षी, पाणी तो सारखंच अडवतो. त्यामुळे धावाही सारख्याच देतो, असं धरलं जायचं. मीही तसंच धरलं.

१९८३ मध्ये मी चोवीस वर्षांचा होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाला गावाकडच्या बातम्या पाठवत होतो. बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. तो ती स्टँडवर दैनिकाच्या माणसाला देत असे. ओळींवर पैसे मिळायचे. संपादकीय खात्यातल्या माणसानं मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. आकडा दोनदा तपासायचा, आणि जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

दादा त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. बी.ए. करून तीन वर्षं घरी होता. भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात खेळाडूंसाठी काही जागा निघणार असल्याचं कळलं होतं. वयाची अट पंचवीस. जून अखेरीस ही संधी त्याच्या हातून जाणार होती. अर्जाला खेळाचा पुरावा जोडायचा होता: प्रमाणपत्र किंवा वर्तमानपत्राचं कात्रण. प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं. बांधीतल्या सामन्यांची प्रमाणपत्रं कोणी देत नाही.

एप्रिलमधल्या त्या सामन्यात दादानं एकशे एकवीस धावा काढल्या. लाखांदूरकडून आलेला संघ होता. मी धुऱ्यावर बसून पाहिलं. एकशे सहा ओलांडले तेव्हा दोन मिनिटं खेळ थांबला. मोठेबाबा मोहाच्या झाडाखाली बसले होते. ते उठून खेळपट्टीपर्यंत चालत आले आणि दादाला पाणी दिलं. कोणीतरी ओरडलं, "एकशे सहावाले गेले आता." मोठेबाबा म्हणाले, "जाऊ दे. घरच्यानंच नेला ना."

संध्याकाळी मी सात ओळींची बातमी लिहिली. वडिलांचा बारा वर्षांपूर्वीचा विक्रम मुलाने मोडला. आकडा मी गुरुजींच्या वहीवरून दोनदा तपासला. दुसऱ्या दिवशी पाकीट गेलं, तिसऱ्या दिवशी छापून आलं. दादानं अंकाच्या दोन प्रती घेतल्या आणि एकीतून कात्रण कापलं.

बातमी आली त्या सकाळी मी शेताकडे जात होतो. मोठेबाबा बांधीत होते. खेळपट्टीच्या मध्यापासून ते पश्चिमेकडे चालत होते, एकेक पाऊल सारखं टाकत. नव्या धुऱ्याशी थांबले. मग तो ओलांडून जुन्या धुऱ्यापर्यंत गेले. परत आले आणि पुन्हा चालले. मला पाहून म्हणाले, "वही कोणाजवळ हाय?"

"गुरुजींजवळ. काहून?"

"काही नाही."

ते गेल्यावर मी पावलं टाकली. माझ्या पावलांनी नवा धुरा तेवीसवर होता, जुना एक्केचाळीसवर.

दुपारी मी गुरुजींच्या ओसरीवर गेलो. सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग वही उघडली. दादाच्या धावांत 'मा' अक्षर असलेले सहा षटकार होते आणि आठ चौकार. नवा धुरा नसता तर या चौदा फटक्यांत प्रत्येकी दोन धावा कमी मिळाल्या असत्या. अठ्ठावीस. एकशे एकवीसमधून अठ्ठावीस गेले की त्र्याण्णव.

"आणि या पाच दोन धावा आहेत मावळतीच्या," गुरुजी म्हणाले. "नवाच धुरा ओलांडलाय. तो नसता तर किती पळाला असता?"

"ते नाही सांगता येत."

"मग ते सोड."

त्यांनी उलटाही हिशेब केला. जुनी वही त्यांच्या पेटीत होती. १९७१ च्या डावात पश्चिमेचा धुरा ओलांडणारे फटके अकरा होते, त्यांत षटकार नव्हता. आजच्या बांधीत त्यांच्या बावीस धावा वाढल्या असत्या. एकशे अठ्ठावीस. दोन्ही बाजूंनी मोजलं तरी उत्तर एकच येत होतं: विक्रम मोडला नव्हता. गुरुजींनी पेन्सिल घेतली, वहीत एकशे एकवीसच्या पुढे बारीक अक्षरात त्र्याण्णव लिहिलं आणि वही मिटली.

मी दुरुस्ती लिहिली. तीन ओळी. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या बातमीतील धावसंख्या मैदानाच्या बदललेल्या मापामुळे तुलनेस पात्र नाही, जुन्या मापाने ती अठ्ठावीसने कमी, म्हणजे त्र्याण्णव भरते, असा मजकूर होता. पाकिटावर पत्ता घातला आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर गेलो. मोठेबाबा तिथे बाभळीखाली उभे होते. त्यांना कुठे जायचं नव्हतं.

"काय हाय थे पाकिटात?"

"दुरुस्ती हाय, मोठेबाबा."

"कायची?"

"बातमीची. एकशे एकवीस नाही होत. त्र्याण्णव होतात."

"मले माहीत हाय. मी तुयाआधी पावलं मोजली."

"मंग पाठवाच लागते."

"कायले?" ते म्हणाले. "पोराचा अर्ज सोमवारी जाऊन राहिला. तुयं कात्रण लावलं हाय त्याले. दुसरं काय हाय लावाले?"

"पण चूक हाय थे."

"चूक कायची? बॉल तीन धुरे गेला का नाही? गेला. तीन धुऱ्याचे सहा. नियम कोणी बदलला काय?"

"तुमीच म्हणता, आधी धुरा सांग म्हणून."

बस वळणावर दिसली. ते तिकडे पाहत राहिले.

"धुरा मीच टाकला ना बे," ते म्हणाले. "तुया बापानं दोरी धरली. तू खुंट्या ठोकल्या. आता कोणाले सांगतो?"

बस थांबली. कंडक्टरनं खिडकीतून हात पुढे केला. मोठेबाबांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

"आज काही नाही हो साहेब," ते कंडक्टरला म्हणाले.

बस गेली. आम्ही दोघं घरी आलो. वाटेत त्यांनी विचारलं, घरी खताची पोती आली काय. मी सांगितलं, आली.

त्यानंतर ते या विषयावर बोलले नाहीत. पहिले काही दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. ट्रान्झिस्टर खुंटीला होता, चालूही असायचा. कोणी वाद काढला तर मोठेबाबा उठून गोठ्यात जायचे. जूनच्या अखेरीस देशाच्या संघानं विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसं आमच्या पडवीत आली. त्यांना मोठेबाबांचं मत हवं होतं. ते खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते.

"सांगा मंग, एकशे सहावाले. हे पोरं भारी का जुने भारी?" एकानं विचारलं.

"धानाचे पऱ्हे टाकाचे हायेत," मोठेबाबा म्हणाले. "पाण्याचं पाहा."

"आमी क्रिकेटचं इचारून राहिलो."

ते दोर वळत राहिले. माणसं थोडा वेळ थांबली, आपापसात बोलली आणि गेली. लोकांनी याचा अर्थ असा काढला की मुलानं विक्रम मोडला हे त्यांना सहन झालं नाही. तसं त्यांच्या तोंडावरही बोललं गेलं. लाखांदूरच्या बाजारात एकानं विचारलं, आता तुमाले काय म्हणाव, एकशे सहावाले का एकशे एकवीसचा बाप? ते म्हणाले, काहीही म्हण. पुढे 'एकशे सहावाले' हे नाव कमी झालं आणि दोन वर्षांत बंद झालं.

दादाला ऑक्टोबरमध्ये चाचणीसाठी बोलावलं. मैदानावर दोरीची सीमारेषा होती आणि चामड्याचा चेंडू होता. त्यानं दोन डावांत चौदा आणि बावीस धावा केल्या. मुलाखतीत अधिकाऱ्यानं कात्रण समोर धरून विचारलं, वडील खेळायचे का? तो हो म्हणाला. तिघांना घेतलं, त्यात तो होता. जानेवारी १९८४ मध्ये तो कामावर रुजू झाला. कारखान्याच्या संघाकडून तीन हंगाम खेळला. त्याची सर्वाधिक धावसंख्या सत्तेचाळीस. नंतर गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. नोकरी राहिली. तो यंत्रशाळेत होता.

मी त्या काळात मोठेबाबांशी रोज बोलत होतो. शेताबद्दल, बैलांबद्दल, पाटाच्या पाळीबद्दल. पाकिटाचं काय झालं ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दुसरं पाकीट लिहायला मला कोणी मनाई केली नव्हती. मी लिहिलं नाही.

१९८७ च्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. साकोलीला नेलं. आठ दिवसांनी गावी परत आणलं. ऑगस्टमध्ये ते वारले. ते बावन्न वर्षांचे होते. बातमी मी पाठवली, चार ओळी. त्यात क्रिकेटचा उल्लेख केला नाही. विक्रम लिहिला असता तर कोणता, हे ठरवावं लागलं असतं.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर दादा आणि मी बांधीकडे गेलो. रोवणी झालेली होती. बांधीत पाणी होतं, म्हणून आम्ही धुऱ्यावरून चाललो. तो वाटणीचाच धुरा होता. अकरा वर्षांत त्यावर गवत चढलं होतं आणि तो इतर धुऱ्यांसारखाच दिसत होता. दादा पुढे होता. चालता चालता, मागे न पाहता त्यानं विचारलं,

"अठ्ठावीस कमी केले होते ना तुनं?"

मी थांबलो. "तुले कोणं सांगतलं?"

"बाबूजीनं. तुयं पाकीट आणून माया हाती देलं. त्याच दिवशी. म्हणे, आधी हे वाच, मंग अर्जावर सही कर."

"मंग?"

"वाचलं. सही केली."

पाणी एका बांधीतून दुसरीत सोडलेलं होतं. त्याचा आवाज येत होता.

"आन् थे काय म्हणाले?"

"म्हणे, आता यावर बोललो त मले खोटं बोला लागन. म्हणून मी बोलनच नाही. तू खेळ."

"तू काही म्हणला नाही?"

"काय म्हणू? म्हटलं, बरं."

आम्ही धुऱ्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. संध्याकाळच्या बसनं तो कामावर गेला. निघताना त्यानं मोठेबाबांची लोखंडी पेटी उघडली. तिच्यात सातबारा, दोन धोतरं आणि ते पाकीट होतं. पाकीट त्यानं मला दिलं. मजकूर माझ्याच अक्षरात होता, तीन ओळी.

१९८९ मध्ये मी नागपूरला त्याच दैनिकाच्या कचेरीत कामाला लागलो. १९८३ च्या अंकांच्या गठ्ठ्यात ती सात ओळींची बातमी आहे. नंतरच्या अंकांत दुरुस्ती नाही. कात्रण दादाच्या कारखान्यातल्या फाइलीत लावलेलं आहे, त्यावर एकशे एकवीस हा आकडा आहे. गुरुजींच्या वहीत तोच आकडा शाईनं आहे आणि त्याच्या पुढे पेन्सिलीनं त्र्याण्णव. दोन्हीपैकी एकही खोडलेला नाही.